उशिरा घरी येण्यापासून खुनापर्यंत: कुमार कादंबरीतल्या चुकलेल्या निर्णयांची पार्श्वभूमी

दर रविवारी आमच्या गावच्या मंडळाच्या खोलीत आठवी ते बारावीची पोरंपोरी वाचायला जमतात, गाव बेळगावपासून खानापूरच्या वाटेवर. सध्या एस. ई. हिंटन यांची 'द आउटसायडर्स' चाललीय, पुस्तक इंग्रजी, सांगणं मराठीत आणि मधेच कानडी शब्द आला तर येऊ द्यायचा. मागच्या रविवारी तिसऱ्या प्रकरणावर थांबलो. पोनीबॉय चौदा वर्षांचा, जॉनी नावाच्या मित्राबरोबर मोकळ्या जागेत चांदण्या बघत पडतो, डोळा लागतो, घरी पोचेपर्यंत मध्यरात्र उलटलेली, आईवडील अपघातात गेलेले म्हणून थोरल्या भावावर सगळा भार, तो काळजीनं अर्धा झालेला, तो सणकन थोबाडीत देतो आणि पोरगं तसंच घराबाहेर पळतं. दहावीतला एक जण लगेच म्हणाला, "मग चूक कुणाची ओ सर? झोपला त्याची काय मारला त्याची?"

तिथल्या तिथं उत्तर दिलं नाही. प्रश्न फार जुना आहे आणि गोष्टी सांगणाऱ्यांनी त्याची उत्तरं बदलत नेलीत, ते जरा नीट मांडावं म्हणून हे.

आपल्याकडं पहिलं आठवतं ते पंचतंत्र. राजा अमरशक्तीची तीन पोरं अभ्यासात शून्य, विष्णुशर्मा म्हणाला सहा महिन्यांत तयार करतो, आणि त्यानं गोष्टी सांगितल्या. त्यातली सिंहाची सगळ्यांना पाठ असते, तीन विद्वान मित्र हाडं जोडतात, मांस चढवतात, जीव घालायला निघतात, चौथा शिकलेला नाही पण शहाणा, तो म्हणतो थांबा, हा उठला की आपल्याला खाईल. ऐकत नाहीत. चौथा झाडावर चढतो आणि वाचतो. इथं हिशोब सरळ आहे, सांगितलेलं ऐकलं नाही, मेला. मला मात्र त्या चौथ्याचं झाडावर चढणं लहानपणापासून खटकतं, मित्रांचा हात धरून ओढायचं त्याला का सुचलं नाही?

युरोपात १९व्या शतकात हाच हिशोब आणखी कडक झाला. फ्रँकफुर्टचे डॉक्टर हाइनरिश हॉफमन, १८४४च्या नाताळात तीन वर्षांच्या पोरासाठी पुस्तक शोधत होते, मनासारखं मिळेना म्हणून स्वतःच चित्रं काढून लिहिलं, १८४५ला ते छापलं गेलं. त्यात काडेपेटीशी खेळणारी पोर जळून राख होते आणि बाजूला मांजरं रडतात. इटलीत कार्लो कोलोडीचा पिनोकिओ १८८१पासून मुलांच्या साप्ताहिकात येत होता, आणि कोलोडीनं त्याला झाडाला लटकवून गोष्ट तिथंच संपवली होती! वाचणाऱ्या पोरांना ते सोसलं नाही, मागणी आली, मग १८८२ला गोष्ट पुढं चालू झाली आणि लाकडी पोराला सुधारायला वेळ मिळाला. मला हा सगळ्या इतिहासातला मोठा क्षण वाटतो. चुकलेल्याला मरू देऊ नका, असं पोरांनीच सांगितलं.

'यंग अडल्ट', म्हणजे कुमारवयाचा, हा वेगळा वाचक धरायची पद्धत मात्र बरीच अलीकडची, अमेरिकेतल्या ग्रंथालय संघटनेत त्यासाठी स्वतंत्र विभाग झाला तो १९५७ला. तरी पुस्तकं बहुतेक मोठ्यांनी वरून लिहिलेलीच. हिंटन ओक्लाहोमातल्या टल्सा शहरातली शाळकरी मुलगी, पंधराव्या वर्षी लिहायला लागली, पुस्तक १९६७ला आलं तेव्हा अठरा वर्षांची. तिच्या एका मित्राला सिनेमाहून घरी येताना मारहाण झाली होती, तो राग त्यात उतरलाय. बाईनं लिहिलंय म्हणून टीकाकारांनी बाजूला टाकू नये यासाठी नावाची फक्त आद्याक्षरं छापली.

तिनं बदललं काय तर दंड काढून टाकला. आकाशातून शिक्षा पडत नाही, एक पाऊल पुढच्या पावलाला ढकलतं. थप्पड खाल्ली म्हणून रात्री पार्कात, तिथं श्रीमंतांची दारू प्यालेली पोरं, ती पोनीबॉयचं डोकं कारंज्याच्या पाण्यात दाबतात, जॉनीकडं चाकू असतो कारण आधी एकदा त्याला बेदम मारलेलं असतं आणि तेव्हापासून तो चाकूशिवाय फिरत नाही, एक जीव जातो, पोलिसांकडं जायच्या जागी ही दोघं पळतात, ओस पडलेल्या चर्चमध्ये लपतात, पुढं त्या चर्चला आग लागते. प्रत्येक वेळी त्या क्षणी दुसरं काही सुचण्यासारखं नसतं. आणि तरी निवड त्यांचीच असते.

हे मला पटतं कारण मी नववीत असताना आम्ही चौघं खडीच्या खाणीत पोहायला गेलो होतो, जुलै महिना, पाणी हिरवंगार, कडेला शेवाळ. मला पोहायला येत नव्हतं, पण ते सांगायची लाज वाटली म्हणून उतरलो. पाय घसरला, नाकातोंडात पाणी, आणि एकानं टॉवेलचं टोक फेकलं ते हाताला लागलं. घरी कुणी काही बोललं नाही, कारण घरी कळलंच नाही. जीव जायची वेळ आली होती ती एका न बोललेल्या वाक्यामुळं.

१९७४ला रॉबर्ट कॉर्मिएची 'द चॉकलेट वॉर' आली आणि प्रश्न आणखी अवघड झाला, तिथला पोरगा शाळेसाठी चॉकलेटं विकायला नाही म्हणतो, निर्णय बरोबर, तरी शेवटी त्याला जीवघेणा मार बसतो.

मराठीत 'किशोर' मासिक १९७१ला सुरू झालं, कुमारांसाठी पुष्कळ लिहिलं गेलं, पण त्यात साहस जास्त आणि स्वतःच्या चुकीशी एकटं राहणं कमी. तो एकटेपणा मला आपल्याच बेळगावात सापडला, इंदिरा संतांचे चिरंजीव प्रकाश नारायण संत यांच्या लंपनच्या गोष्टींत, 'वनवास' १९९४चा. आजीआजोबांकडं राहणारं पोर, भोवती मराठी-कानडी मिसळलेली भाषा, आणि डोक्यात चाललेलं कुणाला न सांगता येणारं. तिथं चाकू नाही, आग नाही. पण पोराच्या आत काय चालतं ते मोठ्यांना दिसत नाही हे दोन्हीकडं एकच.

त्या दहावीतल्या पोराला मी पुस्तक घरी दिलंय. चौथं प्रकरण, कारंज्याचं, ह्या रविवारी तोच वाचून दाखवणार आहे.