पाल्याचा अर्क आणि पांढरे उंदीर: यकृतरक्षक चाचण्यांची पार्श्वभूमी

कावीळ झाली की भुईआवळी दुधात वाटून घ्यायची, ही रीत आपल्याकडे फार्मसी कॉलेजांपेक्षा कितीतरी जुनी. दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते. श्रेय पाल्याला जातं. प्रयोगशाळेत पाला पोचला तो याच पुण्याईवर. तिथे मात्र त्याच्यासमोर कावीळ नव्हती, विष होतं.

उंदराचं यकृत मुद्दाम विषाने बिघडवायचं आणि अर्क ते वाचवतो का पाहायचं, अशी ही चाचणी. आधी ते विष म्हणजे कार्बन टेट्राक्लोराइड. पॅरासिटामॉलच्या अतिमात्रेने यकृत निकामी झाल्याच्या नोंदी १९६६ मध्ये ब्रिटनमधून आल्या, आणि १९७३ मध्ये अमेरिकी संशोधकांनी कारण उलगडलं: यकृतातली विकरं या औषधाचा थोडा भाग विषारी रूपात बदलतात, पेशीतलं ग्लुटाथायोन हे संरक्षक द्रव्य त्याला आवरतं, आणि ग्लुटाथायोन संपलं की पेशी मरतात. प्रयोगांना स्वस्त आणि घरोघरी सापडणारं विष मिळालं. तुलनेला सिलिमरिन, हे मिल्क थिसल या काटेरी वनस्पतीतून १९६०च्या दशकात जर्मनीत वेगळं केलेलं यकृताचं औषध. तेही पानांतलं नव्हे, बियांतलं.

खरा गुंता ‘अर्क’ या शब्दात आहे. आयुर्वेदात अर्क म्हणजे ऊर्ध्वपातनाने काढलेला, ओव्याचा काढतात तसा. (संस्कृतात रुईलाही अर्कच म्हणतात, तो घोळ वेगळा.) ओल्या-सुक्या वनस्पतीसाठी स्वरस, कल्क, काढा, हिम आणि फांट अशा पाच मूळ कृती सांगितल्या आहेत. प्रबंधातला अर्क या पाचांत बसत नाही. सावलीत वाळवलेली पानं भरडायची, सॉक्सलेट या काचेच्या उपकरणात त्यांवरून गरम इथेनॉल किंवा मिथेनॉल पुन्हापुन्हा फिरवायचं, द्रावक उडवायचं. हाती उरतो काळपट चिकट गोळा. पाण्यात जे उतरतं तेच अल्कोहोलमध्ये उतरेल असं नाही. म्हणजे आजीच्या काढ्याची चाचणी झालेलीच नसते, तरी निष्कर्षात ‘पारंपरिक वापराला दुजोरा’ हे वाक्य ठरलेलं.

बरं, हा गोळा पाण्यात नीट विरघळत नाही. मग काही ठिकाणी डायमिथाइल सल्फॉक्साइड किंवा प्रोपिलीन ग्लायकॉलची मदत घेतात. ही दोन्ही रसायनं पॅरासिटामॉलचं विष तयार करणाऱ्या विकरालाच अडवतात. पानाचा कणही न देता उंदराचं यकृत त्यामुळे वाचू शकतं. तुलनेच्या गटाला नुसतं पाणी पाजलं असेल, तर श्रेय पुन्हा पाल्याला.

वेळेचंही तसंच. विस्टार जातीच्या पांढऱ्या उंदरांना आठवडाभर अर्क पाजायचा, नंतर विष द्यायचं, आणि एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं विकर) कमी वाढलं की ‘संरक्षण’ सिद्ध. रुग्ण येतो तो गोळ्या गिळून झाल्यावर. त्याच्यासाठी १९७०च्या दशकापासून अॅसिटिलसिस्टीन हा उतारा आहे, आणि आठ तासांच्या आत दिलं तर ते फार चांगलं काम करतं. त्यात उंदीर निवडतानाच गोम आहे: पॅरासिटामॉलच्या बाबतीत माणसाच्या जवळचा प्राणी छोटा उंदीर, मोठा (विस्टार त्यातलाच) तसा चिवट, त्याला बऱ्याच जास्त मात्रेत विष द्यावं लागतं.

भारतात खरी अडचण क्षयाच्या औषधांची. आयसोनायाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तिन्ही यकृताला जड जाऊ शकतात, आणि ती महिनोन्‌महिने घ्यावी लागतात. इथे आधीपासून संरक्षण देण्याला अर्थ आहे, म्हणून या औषधांवरच्या चाचण्या मला जास्त कामाच्या वाटतात.

मग आला कोविड. काढ्यांच्या त्या लाटेत, सप्टेंबर ते डिसेंबर २०२० दरम्यान, मुंबईत गुळवेल घेणाऱ्या सहा जणांना यकृताची इजा झाल्याचं २०२१ मध्ये छापून आलं. केंद्रीय आयुष मंत्रालयाने हरकत घेतली: रुग्णांनी घेतलेली वनस्पती नेमकी कोणती हे तपासलेलंच नाही, तिच्यासारखी दिसणारी दुसरी जातही असते. हरकत रास्त होती. २०२२ मध्ये देशातल्या तेरा केंद्रांतून गुळवेल घेऊन यकृताला इजा झालेल्या ४३ रुग्णांची नोंद आली. याच गुळवेलीचा अर्क उंदरांचं यकृत वाचवतो असं सांगणारे निबंध त्याआधी कितीतरी वर्षं छापलेले होते, आणि त्यांना हा जातीचा प्रश्न इतक्या जोरात कुणी विचारला नव्हता.