कास्टिंग की मिररिंग? आधी फोन लॉक करून बघा

फोनवरचा व्हिडिओ टीव्हीवर दिसायला लागला की आपण सरसकट म्हणतो, "कास्ट केलं." पण टीव्हीवर व्हिडिओ जाण्याच्या वाटा दोन आहेत. तुम्ही कुठली धरली आहे हे कळायला साधी खूण आहे : व्हिडिओ चालू असताना फोन लॉक करा. टीव्हीवर तो चालूच राहिला तर ते कास्टिंग. टीव्हीवरचं चित्रही गेलं तर मिररिंग.

कास्टिंगमध्ये फोन व्हिडिओ पाठवतच नाही. यूट्यूबमधलं कास्टचं चिन्ह (चौकोन आणि डाव्या कोपऱ्यात लहरी) दाबलं की फोन टीव्हीला फक्त सांगतो, अमुक व्हिडिओ लाव. मग टीव्ही स्वतः इंटरनेटवरून तो आणतो. फोन उरतो रिमोटपुरता. 2013 मध्ये आलेलं क्रोमकास्ट (टीव्हीला लावायचं गूगलचं छोटं उपकरण) याच तत्त्वावर चालायचं. फक्त फोन आणि टीव्ही एकाच वायफायवर हवेत. फोन चुकून गेस्ट नेटवर्कवर (पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायवर) असेल तर टीव्ही यादीत सहसा दिसतच नाही.

मिररिंगमध्ये सगळा भार फोनवर. आलेला व्हिडिओ तो आधी उलगडतो, स्क्रीनवर दाखवतो, तीच स्क्रीन पुन्हा दाबून लहान करतो आणि क्षणाक्षणाला टीव्हीकडे धाडत राहतो. म्हणून अर्ध्या तासात फोन हाताला गरम लागतो, बॅटरी झरझर उतरते. क्रिकेटचा चेंडू सीमारेषेकडे धावताना चित्राचे चौकोन फुटतात, तेही बऱ्याचदा या दुसऱ्यांदा दाबण्यामुळे. शिवाय फोनवर जे येईल ते टीव्हीवर. एकदा सगळे जमून व्हिडिओ बघत असताना माझ्या बँकेचा ओटीपी भल्या मोठ्या अक्षरांत समोर झळकला. तेव्हापासून मिररिंग करायचंच असेल तर मी आधी 'डू नॉट डिस्टर्ब' लावतो, तुम्हीही लावा. नेटफ्लिक्ससारख्या ॲपमध्ये कॉपी-संरक्षणामुळे मिररिंग करताना नुसती काळी स्क्रीनही दिसू शकते. अशा वेळी टीव्ही बिघडलेला नसतो.

खरा गोंधळ नावांचा आहे. काही अँड्रॉइड फोनांत सेटिंग्जमधल्या मिररिंगच्या बटणालाच 'कास्ट' म्हटलंय. ॲपलच्या एअरप्लेमध्ये तर दोन्ही सोयी आहेत : व्हिडिओच्या आतलं एअरप्लेचं चिन्ह वेगळं, कंट्रोल सेंटरमधलं 'स्क्रीन मिररिंग' वेगळं. माझा नियम असा की ॲपच्या आत चिन्ह असेल तर तेच दाबायचं.

मिररिंग टाकाऊ मात्र नाही. ज्या ॲपमध्ये कास्टचं चिन्हच नाही, किंवा एखाद्याला फोनमधली सेटिंग मोठ्या पडद्यावर दाखवून शिकवायची आहे, तिथे तेच कामाचं. मिराकास्ट या मिररिंगच्या पद्धतीला तर राउटरही लागत नाही, फोन आणि टीव्ही थेट जोडले जातात.

लॉकच्या खुणेला एक अपवाद : गॅलरीतला स्वतः काढलेला व्हिडिओ कास्ट केला, तर तो फोनमधूनच जातो, म्हणून कास्टिंग असूनही लॉक केल्यावर थांबू शकतो. तेवढा वेळ फोन घेऊन घराबाहेर पडू नका.