सुपरमार्केटचा पिझ्झा घरी भाजणे

सुपरमार्केटच्या फ्रीजरमधून किंवा ब्रेडच्या फळीवरून आणलेला, अर्धाअधिक तयार पिझ्झा घरच्या ओव्हनमध्ये, तव्यावर किंवा कढईत भाजून पुरा करण्याची पद्धत. यात तीन प्रकारचा माल येतो. पहिला, वर चीज-भाज्या-मांस घालून गोठवलेला पूर्ण पिझ्झा. दुसरा, दुकानाच्या थंड कपाटातला, न गोठवलेला पण दोन-चार दिवसांतच संपवायचा पिझ्झा. तिसरा, भाजून पाकिटात भरलेला नुसता मैद्याचा बेस, ज्यावर सॉस, चीज आणि बाकीचे घरी घालायचे. गोव्यात पहिले दोन प्रकार मुख्यतः पणजी, पर्वरी, म्हापसा, मडगाव आणि कळंगुट-कांदोळीच्या पट्ट्यातल्या मोठ्या दुकानांत मिळतात. बेस मात्र गावच्या दुकानातही पावाशेजारी दिसतो.

हा पिझ्झा घरी फसतो तो बहुतेक वेळा उष्णता कमी आणि पाणी जास्त झाल्याने, ब्रँडचा त्यात फारसा दोष नसतो. नेपल्सच्या पद्धतीची लाकडाची भट्टी ४३० ते ४८० अंश सेल्सिअसवर चालते आणि पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत बाहेर येतो. नेपल्सच्या या कारागिरीला २०१७ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले. घरातला ओटीजी, म्हणजे वर-खाली रॉड असलेला छोटा विजेचा ओव्हन, २३० किंवा फार तर २५० अंशांपर्यंत जातो. तिथे पिझ्झ्याला दहा-बारा मिनिटे लागतात आणि तेवढ्या वेळात सॉसचे आणि भाज्यांचे पाणी खाली बेसमध्ये मुरते. गोठवलेल्या पिझ्झ्याच्या व्यापारालाही सुरुवातीपासून हीच अडचण होती. अमेरिकेत १९५०च्या दशकात हे पिझ्झे बाजारात आले, पण वितळून भाजताना बेस पुठ्ठ्यासारखा होई. मिनिआपोलिसच्या रोझ टोटिनो यांनी कुरकुरीत राहणारा तळलेला बेस तयार केला, त्याचे पेटंट १९७९ मध्ये मिळाले. जर्मनीत डॉ. ओएटकर कंपनीने १९७० मध्ये गोठवलेला पिझ्झा आणला.

आधी ओव्हन मोजावा

दुकानात जाण्यापूर्वी ओव्हनची आतली रुंदी आणि खोली टेपने मोजून ठेवावी. परदेशी बनावटीचे गोठवलेले पिझ्झे साधारण २५-२६ सेंमी व्यासाचे असतात, तर देशी बेस १८ ते २० सेंमीचे, म्हणजे सात-आठ इंची. नऊ-दहा लिटरच्या छोट्या ओटीजीत मोठा पिझ्झा मावत नाही, आणि कसाबसा मावला तरी कडा काचेला व भिंतींना टेकून गरम हवेची वाट अडते. चारी बाजूंनी निदान दोन सेंमी मोकळे हवेत. लिटरचा आकडा इथे फसवा आहे, कारण उंच पण अरुंद ओव्हनचेही लिटर भरपूर भरतात.

विजेचे गणितही याच वेळी करावे. १५०० वॅटचा ओटीजी २३० व्होल्टवर साधारण साडेसहा अँपिअर ओढतो. सहा अँपिअरच्या लहान प्लगवर एक्स्टेंशन बोर्ड लावून तो चालवला तर प्लग तापतो, वास येतो आणि शेवटी पिना काळ्या पडतात. सोळा अँपिअरचा पॉवर प्लगच वापरावा.

फ्रीजरमधून उचलताना

गोठवलेला माल उणे १८ अंशांवर राहायला हवा.  पारदर्शक वेष्टनातून सगळे टॉपिंग एका बाजूला सरकलेले दिसत असेल, तर तो पिझ्झा कुठेतरी वितळून आडवातिडवा राहिला आणि पुन्हा गोठला असे समजावे. वेष्टनाच्या आतल्या बाजूला बर्फाचे जाड स्फटिक हेही तापमान खालीवर झाल्याचे लक्षण. पुठ्ठा मऊ पडला असेल तर तो परत ठेवावा. पावसाळ्यात गोव्यात वीज जाते-येते, त्यामुळे जनरेटर असलेल्या दुकानातून घेणे बरे. काउंटरवर विचारायला लाज वाटण्याचे कारण नाही.

लेबलवर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. मैदा पहिला असणारच, प्रश्न असतो चीज कितवे आहे हा. पामतेल आणि स्टार्च चीजच्या आधी किंवा चीजच्या जागीच आले असतील, तर वर जे पांढरे दिसते ते दुधाऐवजी वनस्पती तेलावर केलेले, चीजसारखे टॉपिंग आहे. खऱ्या मोझरेलाच्या यादीत दूध, मीठ, विरजणाचे जिवाणू आणि एन्झाइम याखेरीज फारसे काही नसते. त्याची तार येते ती दुधातल्या केसीन या प्रथिनाच्या जाळीमुळे. ही जाळी नसलेले टॉपिंग वितळते, पण तेल सोडते आणि गार झाल्यावर मेणासारखे बसते. मीठ, चरबी व कॅलरीचे आकडे बहुधा १०० ग्रॅमला दिलेले असतात. ३५० ग्रॅमचा पिझ्झा असेल तर साडेतीनने गुणून मगच काय ते ठरवावे.

शाकाहारी मालावर चौकोनात हिरवा ठिपका असतो, मांसाहारी मालावर तपकिरी त्रिकोण. श्रावणात किंवा सोमवारी ज्या घरांत मांस-मासळी वर्ज्य असते, तिथे सुट्या आयात चीजकडेही पाहावे. पार्मेझान पारंपरिक पद्धतीने वासराच्या जठरातल्या रेनेटने, म्हणजे दूध घट्ट करणाऱ्या एन्झाइमने, करतात. हिरवा ठिपका असलेल्या चीजमध्ये रेनेट सूक्ष्मजीवांपासून केलेले असते.

गोठवलेला माल खरेदीच्या अगदी शेवटी पिशवीत टाकावा. पणजीहून वाळपईला जायला तासभर लागतो, आणि एप्रिल-मेच्या उन्हात डिकीत ठेवलेला पातळ पिझ्झा अर्ध्या तासातच मऊ पडू लागतो. उष्णतारोधक पिशवी नसेल तर खोके वर्तमानपत्राच्या चार-पाच थरांत गुंडाळून, गोठवलेल्या मटारच्या पाकिटांमध्ये आडवे ठेवावे. घरी पोहोचेपर्यंत मऊ झालाच, तर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवून त्याच दिवशी भाजावा. पुन्हा गोठवू नये.

नुसता बेस

बेसचे पाकीट उलटे करून तळ पाहावा. तो सगळीकडे सारखा फिकट बदामी हवा. पांढरट, पिठूळ तळ म्हणजे कमी भाजलेला बेस. तो घरच्या ओव्हनमध्ये चिवट होतो. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत बुरशी लवकर येते. कॅल्शियम प्रोपिओनेट, म्हणजे लेबलवरचे २८२, घातलेले असले तरी छापलेल्या तारखेवर विसंबू नये. एका बेसवर हिरवा-काळा ठिपका दिसला तर पाकिटातला दुसराही टाकावा, कारण बुरशीचे धागे डोळ्यांना दिसण्याआधीच आत पसरलेले असतात. जास्तीचे बेस प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून फ्रीजरमध्ये महिनाभर राहतात आणि न वितळवता थेट भाजता येतात.

सात इंची बेसला सॉस दोन टेबलस्पून, चीज ६० ते ७० ग्रॅम, बाकी टॉपिंग सगळे मिळून ५० ग्रॅम. हे वाचायला कंजूषपणाचे वाटते, पण याच्यापुढे गेले की मधला भाग ओला राहतो. सॉस घालण्यापूर्वी बेस नुसताच तीन मिनिटे भाजून घ्यावा आणि वरच्या बाजूला पाव चमचा तेल बोटाने पसरावे. तेलाचा थर सॉसचे पाणी काही वेळ तरी अडवून धरतो. केचप वापरणार असाल तर एकच चमचा, कारण त्यातली साखर चीजच्या आधी करपते.

टोमॅटोच्या बिया आणि रस काढून टाकावा, भोपळी मिरची व कांदा पातळ चिरावा. मशरूम कोरड्या तव्यावर पाणी आटेपर्यंत परतावे, डब्यातला मका व अननस गाळून टिपून घ्यावा. पाण्यातले ताजे मोझरेला घेतले असेल तर फोडून अर्धा तास चाळणीत निथळत ठेवावे. पिझ्झ्यासाठी कमी पाण्याचे, विटेच्या आकाराचे मोझरेला जास्त सोयीचे. तयार किसलेल्या चीजला गुठळ्या होऊ नयेत म्हणून स्टार्च लावलेला असतो, त्यामुळे ते थोडे उशिरा वितळते. स्लाइस किंवा क्यूबचे प्रोसेस्ड चीज वितळून मलईसारखे पसरते, तार देत नाही आणि खारट असते. मोझरेलात एक चतुर्थांशापर्यंत मिसळले तर चालून जाते.

चोरीस, म्हणजे गोव्याचे डुकराच्या मांसाचे मसालेदार सॉसेज, घालायचा असेल तर वेगळी काळजी घ्यावी लागते. वरचे वेष्टन सोलून आतले मांस दहा-बारा मिनिटे मंद आचेवर परतावे, सुटलेली लाल चरबी निथळावी आणि ४० ग्रॅमच्या वर घालू नये. कच्चाच घातला तर डुकराचे मांस पुरते शिजत नाही आणि चरबी बेसमध्ये उतरून सगळा पिझ्झा व्हिनेगरच्या आंबट तेलात भिजतो. तो आधीच खारट आणि मसालेदार असतो, म्हणून सॉस निम्मा करावा व वरून मीठ अजिबात नको. कोळंबी आधी एखादे मिनिट परतून, सुटलेले पाणी काढून मगच घालावी. कोंबडी तर पूर्ण शिजवूनच घालायची, पिझ्झ्याच्या दहा मिनिटांवर तिला सोडू नये. आणि पावसाळ्यात वाट्यावर विकली जाणारी गावठी अळमी, म्हणजे रानातले मशरूम, पिझ्झ्यावर घालू नयेत. चीजखाली त्यांचा वासही लागत नाही, मग एवढे पैसे कशाला मोजायचे!

ओटीजीत भाजणे

वरचे-खालचे दोन्ही रॉड चालू करून २२० ते २३० अंशांवर पूर्ण १५ ते २० मिनिटे तापवावे. दिवा पहिल्यांदा विझतो तेव्हा आतली हवा तापलेली असते. भिंती आणि जाळी अजून तापायची असतात. दार उघडताच ती गरम हवा निघून जाते आणि मागे उरते ती धातूत साठलेली उष्णता. पोदेराच्या, म्हणजे गोव्यातल्या पाववाल्याच्या, भट्टीत उंडो आणि पोई हे पाव तळापासून खरपूस होतात ते जाड दगड-विटांनी धरून ठेवलेल्या उष्णतेमुळे. ओटीजीच्या पातळ पत्र्यात तशी साठवण नसते. त्यासाठी बिडाचा तवा, मूठ आत मावत असल्यास, उपडा करून खालच्या जाळीवर ठेवावा आणि ओव्हनसोबत निदान अर्धा तास तापवावा. पिझ्झा त्यावर सरकवला की तळाला पहिल्याच मिनिटात चटका बसतो.

पातळ गोठवलेला पिझ्झा वितळवू नये. वेष्टन आणि खालची पुठ्ठ्याची चकती काढून, फ्रीजरमधून थेट जाळीवर ठेवावा. बर्फ पूर्ण वितळेपर्यंत तो भाग शून्य अंशाच्या वर जात नाही, त्यामुळे पहिली चार-पाच मिनिटे काहीच घडत नाही असे वाटते. तेवढ्यात घाईने तापमान वाढवले की कडा करपतात आणि मध्य गार राहतो. एकूण १० ते १४ मिनिटे लागतात. सातव्या मिनिटाला पिझ्झा अर्धा फिरवावा, कारण बहुतेक ओटीजी दाराकडे थंड आणि मागे गरम असतात. जाड बेसच्या पिझ्झ्याला २०० अंश आणि १६ ते २० मिनिटे द्यावीत. खोक्यावर छापलेली वेळ मोठ्या, पंखा असलेल्या ओव्हनसाठी असते. ती अंदाजाला ठीक, निकाल मात्र चिमट्याने कड उचलून तळ पाहूनच लावायचा: तळ बदामी, मधोमध चीजला बुडबुडे आणि त्यावर तुरळक तपकिरी डाग.

वरून करपला आणि खाली पांढरा राहिला तर जाळी एक खाच खाली घ्यावी व शेवटची तीन मिनिटे फक्त खालचा रॉड ठेवावा. उलटे झाले तर शेवटची दोन मिनिटे फक्त वरचा. दोन्हीकडून फिकट राहिला तर ओव्हनच खोटे बोलतो आहे असे समजावे. स्वस्त ओटीजीचा थर्मोस्टॅट वीस अंश इकडेतिकडे असणे नवल नाही, आणि आत ठेवायचा थर्मामीटर या कामी चोख उपयोगी पडतो.

ओव्हन नसेल तर

जाड बुडाचा तवा मध्यम आचेवर तापवून बेस आधी वरची बाजू खाली करून एक मिनिट शेकावा. मग उलटून, आच अगदी मंद करून सॉस-चीज घालावे आणि झाकावे. सहा ते आठ मिनिटांत चीज वितळते. झाकणाला जमलेले पाणी थेंब-थेंब चीजवर पडते, म्हणून झाकणाला सुती फडके बांधावे आणि टोके वर घ्यावीत, नाहीतर ती पेटतात. चीजला तपकिरी रंग येणार नाही, कारण वरून कोरडी आच नसते. त्याची अपेक्षाच ठेवू नये. नानकटाईसारखी मिठाच्या कढईतही सोय होते: तळाला एक इंच जाड मीठ, वर तिवई, झाकून दहा मिनिटे तापवणे, मग ताटलीत पिझ्झा ठेवून १२ ते १५ मिनिटे. नॉनस्टिक कढई कोरडी तापवू नये, तिचा लेप बिघडतो. पूर्ण गोठवलेला पिझ्झा या दोन्ही पद्धतींना सोसत नाही, तो आधी फ्रीजमध्ये तीन-चार तास वितळवावा.

साध्या मायक्रोवेव्हमध्ये बेस आधी चामड्यासारखा, गार झाल्यावर पुठ्ठ्यासारखा होतो. सूक्ष्मलहरी आतले पाणी तापवतात, ती वाफ बेसमधून बाहेर येते आणि स्टार्च मऊ करून जाते. कन्व्हेक्शन मोड (गरम हवेने भाजण्याची सोय) असेल तर तोच वापरावा, धातूची ताटली फक्त त्या मोडमध्ये. एअर फ्रायरमध्ये सात इंची बेस १८० ते १९० अंशांवर सहा-आठ मिनिटांत होतो, पण पंख्याच्या झोताने मक्याचे दाणे आणि किसलेले चीज उडते. चीज सर्वांत वर घालून चमच्याने हलके दाबावे.

पोईवरही पिझ्झा होतो. ती कडेने कापून दोन चकत्या करायच्या, आतली बाजू वर ठेवून नुसतीच तीन मिनिटे भाजायची, मग चमचाभर सॉस आणि २५ ते ३० ग्रॅम चीज घालून २२० अंशांवर पाच-सहा मिनिटे. कोंड्यामुळे तळ पटकन काळा पडतो, त्यामुळे तापलेला तवा इथे नको. सकाळची पोई संध्याकाळी थोडी सुकलेली असते, आणि ती ताज्यापेक्षा बरी.

भाजून झालेला पिझ्झा लगेच ताटात न ठेवता दोन मिनिटे जाळीवर ठेवावा, नाहीतर तळाची वाफ ताटात अडकून बेस पुन्हा ओला होतो. उरलेला दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावा आणि दोन दिवसांत संपवावा. गरम करताना तवा मंद आचेवर, दोन मिनिटे उघडा. मग तव्याच्या कडेला, पिझ्झ्यापासून दूर, पाण्याचे चार थेंब टाकून मिनिटभर झाकावे. तळ कोरडा राहतो आणि चीज पुन्हा सुटते.