पॉवर स्टेअरिंगचे तेल

मोटारीचे स्टेअरिंग हलके करणाऱ्या हायड्रॉलिक यंत्रणेत फिरणारे तेल. इंजिनच्या पट्ट्यावर चालणारा पंप त्यावर दाब आणतो, ते तेल रॅकमधल्या (चाके वळवणाऱ्या दातेरी दांड्याच्या जोडणीतल्या) पिस्टनला रेटते आणि चाके वळतात. पंपाला वंगण देणे आणि रबरी सील मऊ ठेवणे हेही त्याचेच काम. फ्रान्सिस डेव्हिस यांनी 1926 मध्ये अशी यंत्रणा गाडीवर चालवून दाखवली. विक्रीच्या मोटारीत ती 1951 च्या क्रायस्लर इम्पिरिअलपासून आली.

तेल निवडण्याआधी ते लागते का, हे पाहावे. हल्लीच्या बहुतेक छोट्या गाड्यांचे स्टेअरिंग विजेच्या मोटरवर चालते. त्यांना तेलाची टाकीच नसते. सोलापूर–तुळजापूर किंवा अक्कलकोट रस्त्यावर भाड्याने धावणाऱ्या जुन्या बोलेरो, सुमो, इनोव्हा मात्र तेलावरच्या.

कोणते तेल, याचे उत्तर टाकीच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तिकेत असते. झाकण धुळीने माखलेले असते, फडक्याने पुसले की अक्षरे दिसतात. जुन्या इनोव्हाला डेक्सरॉन जातीचे एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल चालते. जुन्या होंडा गाड्यांना होंडाचे स्वतःचे तेल लागते, तिथे एटीएफ चालत नाही. बीएमडब्ल्यूच्या काही झाकणांवर एटीएफ, तर काहींवर सीएचएफ, म्हणजे एटीएफपेक्षा पातळ असे हायड्रॉलिक तेल, लिहिलेले असते. एकाच कंपनीच्या दोन गाड्यांना दोन तेले.

'लाल काढले, लाल घाला' ही रीत म्हणूनच धोक्याची. रंग हा नुसता मिसळलेला रंग असतो, तेलाची जात त्यावरून ठरत नाही. डब्यावरच्या 'डेक्सरॉन 3' या शब्दांवरही डोळे झाकून विसंबू नये. जनरल मोटर्सने 2005 मध्ये डेक्सरॉन 6 आणले आणि त्यानंतर तेल बनवणाऱ्यांना डेक्सरॉन 3 हे नाव वापरण्याचे परवाने देणे बंद केले. आज त्या नावाचा डबा म्हणजे बनवणाऱ्याचा स्वतःचा दावा.

सोलापुरात उन्हाळ्यात पारा 40 च्या वर जातो, तेव्हा 'इथे जाड तेलच टिकेल' असा सल्ला हमखास मिळतो. तो पटण्यासारखा वाटतो, पण चुकीचा आहे. पंप आणि झडपांच्या फटी ठरावीक पातळपणासाठी घडवलेल्या असतात. 40 अंशांना सीएचएफ 11 एस साधारण 19 सेंटिस्टोक (तेलाचा जाडपणा मोजायचे एकक; आकडा मोठा तितके तेल जाड) भरते, एटीएफ 30 च्या पुढे. पातळ तेलाच्या यंत्रणेत जाड तेल घातले की पंप कण्हतो, स्टेअरिंग जड होते. शिवाय चालू यंत्रणेतले तेल बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते आणि झाकणावरची जात ती उष्णता धरूनच ठरवलेली असते. उन्हामुळे तेल लवकर जुने होते, तेव्हा जात न बदलता ते लवकर बदलावे. पांढऱ्या कापडावर एक थेंब टाकावा: स्वच्छ रंग उमटला तर ठीक, काळपट डाग आणि जळका वास आला तर तेल संपले.

नवे तेल भरल्यावर पुढची चाके उचलून स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवतात, म्हणजे आतली हवा निघते. टोकाला काही सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरू नये. टाकीत फेस दिसत असेल तर हवा उरली आहे.

सगळ्यात वाईट चूक ब्रेक ऑइलची. ते ग्लायकॉलचे असते आणि खनिज तेलासाठी बनवलेले सील त्याने फुगून खराब होतात. चुकून पडलेच तर इंजिन चालू न करता आधी टाकी रिकामी करावी. एकदा ते पंपातून फिरले की होज (तेलाच्या रबरी नळ्या), पंप आणि रॅक, तिन्हींचे सील हातचे जातात.