सीपीयूच्या सावलीतलं वायफाय

"मामा, ह्याला वायफाय कामून दिसंना?"

औशाला बहिणीकडे गेलो की असले प्रश्न उंबऱ्यातच गाठतात. "ह्याला" म्हणजे दाजींच्या खत-बियाण्यांच्या दुकानात दहाएक वर्षं हिशेब करून घरी परतलेला २०११ सालचा डेस्कटॉप. भाचीला प्रवेश परीक्षेचे सराव पेपर त्यावर सोडवायचे होते. फोनवर भूमितीच्या आकृत्या मुंगीएवढ्या दिसतात, ही तिची तक्रार रास्तच होती. एका दुकानदाराने निकाल देऊन टाकला होता: मदरबोर्ड जुना आहे, ह्याला वायफाय बसतच नाही, नवीन घ्या. दाजी पैशाच्या बाबतीत सावकाश चालणारे, म्हणून मी येईपर्यंत नवीन काही आलं नव्हतं.

हा गैरसमज सगळीकडे आहे. वायफाय म्हणजे कॉम्प्युटरच्या मेंदूतलं एखादं ज्ञान आणि जुन्या मेंदूला ते झेपत नाही, असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात कॉम्प्युटरला रेडिओ लहरींतलं काही कळत नाही, कळायची गरजही नाही. लहरी पकडणं, त्यातून शून्य आणि एक वेगळे काढणं हे सगळं काम डोंगल नावाची नखाएवढी वस्तू करते आणि तयार माल यूएसबीतून आत ढकलते. यूएसबीची दुसरी पिढी आली एप्रिल २००० मध्ये, सेकंदाला ४८० मेगाबिट वाहून नेणारी. २०११ च्या मशीनला ती असतेच. म्हणजे रस्ता होता, गाडी तेवढी आणायची होती. पेटी उघडायची तयारी असेल तर आत मदरबोर्डवर खोचायचं कार्डही मिळतं. त्याचे अँटेना मागून बाहेर येतात.

डोंगल आणला. पुढच्या दोन यूएसबी खोबणींपैकी एकीत खंडेनवमीचं कुंकू घट्ट बसलेलं होतं. पूजेला माझी हरकत नाही, पण कुंकू पत्र्याला लावावं, खोबणीला नको. दुसरी खोबण सैल. म्हणून डोंगल मागे लावला. त्याच्यासोबतची ड्रायव्हरची (डोंगल कसा चालवायचा हे कॉम्प्युटरला सांगणाऱ्या प्रोग्रामची) छोटी सीडी घालावी तर सीडीचा ट्रे बाहेरच येईना, आणि ड्रायव्हर उतरवून घ्यायला इंटरनेट हवं, जे नाही म्हणून तर हा सगळा खटाटोप. अशा वेळी अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या वायरने कॉम्प्युटरला जोडायचा आणि सेटिंगमधून यूएसबी टेदरिंग चालू करायचं. फोनवर आलेलं वायफाय वायरीतून कॉम्प्युटरला मिळतं. तात्पुरत्या कामाला डोंगलचीही गरज नाही.

ड्रायव्हर बसला, राउटरचं नाव दिसलं, जोडलंही गेलं. पण पान उघडायला इतका वेळ की आक्काचा चहा होऊन आला. सिग्नल ३८ टक्के.

"बघा, दुकानदार म्हनत होता त्येच खरं," दाजी म्हणाले.

इथून पुढे मला राहवलं नाही.

लहान असताना आमच्याकडे रेडिओवर परभणी केंद्र लागायचं, १३०५ किलोहर्ट्झ. म्हणजे सेकंदाला १३ लाख ५ हजार हेलकावे. प्रकाश आणि रेडिओ लहर दोन्ही सेकंदाला ३० कोटी मीटर धावतात. भागाकार केला की एका लहरीची लांबी येते सुमारे २३० मीटर. एवढ्या लांबलचक लहरीपुढे आमचं घर म्हणजे ओढ्यातला खडा. पाणी खड्याला वळसा घालून पुढे जातं, तशी लहर घराला, झाडाला, टेकाडाला वळसा घालून यायची. वायफायचा साधा पट्टा २.४ गिगाहर्ट्झचा, सेकंदाला २४० कोटी हेलकावे. तोच भागाकार करा: साडेबारा सेंटिमीटर. जेमतेम अर्धी वीत! आता सगळे ज्याला सीपीयू म्हणतात ती लोखंडी पेटी (खरा सीपीयू आत बिस्किटाएवढा असतो) पाहा. उंची चाळीस सेंटिमीटर, म्हणजे तीन लहरींहून जास्त. अर्धी वीत लांबीच्या लहरीला ही पेटी खडा नाही, धरणाची भिंत आहे. धातूत ही लहर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतक्या खोलीतच विरते, उरलेली परत फिरते. भिंतीमागे राहते सावली, आणि आम्ही डोंगल नेमका त्या सावलीत खोचला होता. एका बाजूला लोखंडी पेटी, दुसऱ्या बाजूला दीड फुटी दगडी भिंत.

डोंगलची अँटेना मुळात लहरीच्या पाव लांबीची, तीन सेंटिमीटरच्या आसपास. म्हणून तर ती नखाएवढ्या डबीत घडी घालून मावते. परभणी केंद्राला त्याच हिशेबाने सत्तावन्न मीटर हवेत, म्हणून तिथे मनोरा. डोंगल छोटा म्हणजे कमकुवत, असं सरसकट नाही. त्याला बसायला जागा चांगली हवी.

घराचा नकाशाही सांगायला हवा. पुढची खोली जुनी, दगडी. राउटर तिथे. मध्ये चौक. मागच्या खोलीवर पूर्वी मातीचं माळवद होतं. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाल्यावर ते उतरवून पत्रे टाकले. त्याच खोलीत कॉम्प्युटर. राउटरकडून मागे यायला दगडाखेरीज दोनच वाटा: दार आणि खिडकी. महिना एप्रिलचा, त्यामुळे खिडकीत अर्थातच कूलर.

मराठवाड्यातल्या वायफायचा खरा वैरी कोण, असं मला कोणी विचारलं तर मी कूलरकडे बोट दाखवीन. तीन बाजूंनी ओल्या ताट्या, तळाला टाकीभर पाणी, भोवती पत्रा. पत्रा लहर परतवतो आणि पाणी ती पिऊन टाकतं. पाण्याच्या रेणूला एक टोक किंचित धन, एक किंचित ऋण. लहरीचं विद्युत क्षेत्र सेकंदाला २४० कोटी वेळा उलटसुलट हेलकावतं आणि रेणू बिचारे प्रत्येक वेळी त्याच्याकडे तोंड वळवायला धडपडतात, शेजाऱ्यांवर आदळतात. त्या घासाघाशीत लहरीची ऊर्जा उष्णता होऊन संपते. मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये अन्न तापतं ते ह्याच रीतीने, २.४५ गिगाहर्ट्झला. "ही पाण्याची खास कंप्रता (सेकंदातल्या हेलकाव्यांची संख्या) आहे" असं पुष्कळ ठिकाणी छापून येतं, ते चूक आहे. पाणी सर्वांत जोरात शोषतं ते ह्याच्या कितीतरी वर, वीसेक गिगाहर्ट्झच्या आसपास. २.४ चा पट्टा निवडला गेला तो उद्योग, विज्ञान आणि वैद्यकीय वापरासाठी मोकळा ठेवलेला होता म्हणून. आपल्याकडे २००५ पासून कमी शक्तीच्या उपकरणांना त्यात परवाना लागत नाही. मग कूलरचं पाणी वायफायने तापेल का, हा भाचीचा प्रश्न. नाही. ओव्हन बंद पेटीत सातशे-आठशे वॉट ओततो. राउटर साधारण ०.१ वॉट, तोही घरभर उधळून.

ह्यावरून आठवलं. राउटरवर आक्काने एक चकचकीत स्टिकर लावला होता, "रेडिएशन शोषून घेणारा". बाजारात तांब्याची यंत्रं आहेत, शेणाची चिपही येऊन गेली. एक सोपी कसोटी आहे. स्टिकरने खरंच लहरी शोषल्या असत्या तर वायफाय बंद पडलं असतं आणि आक्काने तो तासाभरात खरवडून काढला असता. वायफाय चालू आहे, अर्थात स्टिकर काहीही करत नाही. त्याच्यापेक्षा कूलर जास्त शोषतो, वर गार वाराही देतो.

आता टक्क्यांकडे येऊ. विंडोजचा हिशेब सरळ आहे: उणे १०० डीबीएमला शून्य टक्के, उणे ५० ला शंभर. डीबीएम हे माप लॉगरिदमचं. शून्य म्हणजे एक मिलिवॉट आणि दर दहा पायऱ्या खाली उतरलं की शक्ती एक दशांश. उणे ७० म्हणजे मिलिवॉटचा एक कोटीवा भाग. उणे ८० म्हणजे दहा कोटीवा, आणि तेवढ्यावरही नखाएवढी वस्तू सराव पेपर आणून देते, ह्याचं मला आजही अप्रूप वाटतं. आमचे ३८ टक्के म्हणजे उणे ८१. सिग्नल क्षीण झाला की डोंगल हळू, ठासून बोलायला लागतो. एकाच अँटेनाच्या साध्या डोंगलचा वेग २० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ६५ मेगाबिटवरून पायरी पायरीने साडेसहापर्यंत उतरतो. खोक्यावर छापलेला १५० किंवा ३०० चा आकडा दुप्पट रुंद पट्ट्याचा, आदर्श परिस्थितीतला असतो. लग्नपत्रिकेतल्या मुहूर्ताइतकाच तो पाळला जातो.

दीड मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन वायर घेतली, डोंगल तिच्या टोकाला लावला आणि भाचीच्या हातात दिला. तिने तो टेबलाच्या कडेने गोगलगायीसारखा सरकवायचा, मी आकडे वाचायचे. पेटीच्या आडून बाहेर आला तसे ५६ झाले. मग ६४. दीड बोट पुढे, ५०. आणखी दीड बोट, ६६.

"मामा, मी काहीच क्येलं नाही!"

तिने काही केलं नव्हतं, लहरींनी केलं होतं. दारातून आलेली लहर, पत्र्यावरून उलटलेली लहर, लोखंडी कपाटावरून आलेली लहर, सगळ्या एकाच हवेत भेटतात. जिथे दोघींचे उंचवटे जुळतात तिथे जोर, जिथे एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यात पडतो तिथे जवळजवळ सन्नाटा. दोन सन्नाट्यांमधलं अंतर साधारण अर्धी लहर, म्हणजे सहा सेंटिमीटर, तीन बोटं. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात हीच जाळी तीन सेंटिमीटरहून बारीक होते.

पण मग असल्या प्रतिध्वनींच्या गदारोळात संदेश शाबूत कसा राहतो? ह्या उत्तरावर माझा जीव आहे. वेरूळच्या दहाव्या लेण्यात, सुतार लेण्यात, कमानदार छताखाली उभं राहून भरभर बोलून पाहा. एका शब्दाचा प्रतिध्वनी पुढच्या शब्दावर बसतो आणि सगळा काला होतो. रेडिओतही तेच. सेकंदाला पाच कोटी ठोके एकामागून एक पाठवले, तर प्रत्येक ठोक्याच्या वाट्याला येते सहा मीटर लांबी. पत्र्यावरून सहा मीटर जास्त फिरून आलेला प्रतिध्वनी थेट पुढच्या ठोक्याच्या डोक्यावर. उपाय काय? एका भरभर बोलणाऱ्याऐवजी ५२ सावकाश बोलणारे घ्यायचे, प्रत्येकाची पट्टी वेगळी. ५४ मेगाबिटच्या पिढीपासून वायफाय असंच बोलतं. प्रत्येकाचा एक ठोका ४ मायक्रोसेकंदांचा, त्यातले पहिले ०.८ मायक्रोसेकंद ऐकणाऱ्याने सोडून द्यायचे. तेवढ्यात प्रतिध्वनी येऊन निवतात. ०.८ मायक्रोसेकंदात लहर २४० मीटर जाते. आक्काचं घर चौकासकट पंधरा मीटर! उरलेल्या ३.२ मायक्रोसेकंदांत प्रत्येक पट्टीचे हेलकावे पूर्णांकात भरतात, म्हणून एकीचं माप घेताना बाकीच्या एक्कावन्न पट्ट्यांची बेरीज शून्य येते आणि त्या आपोआप गळून पडतात. ज्यांनी बारावीला साइन लहरींचं इंटिग्रेशन केलंय त्यांनी कागद घेऊन बसावं. बाकीच्यांनी माझ्यावर विश्वास ठेवावा.

ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ संस्थेत जॉन ओ'सुलिव्हन आणि सहकाऱ्यांनी घरातल्या प्रतिध्वनींवर मात करण्याची पद्धत बसवली, १९९६ साली तिचं अमेरिकन पेटंट मिळालं. ओ'सुलिव्हन मूळचे रेडिओ खगोलशास्त्रातले. व्हॉट्सअॅपवर मात्र वायफायचा शोध हेडी लामार ह्या नटीने लावला असं फिरतं. बाई हुशार होत्या, १९४२ चं पेटंटही खरं. पण ते टॉर्पिडोचे संदेश शत्रूने अडवू नयेत म्हणून कंप्रता सतत बदलत राहण्याचं. १९९७ च्या पहिल्या वायफाय मानकात तशा युक्तीचा एक पर्याय होता, तो मागेच राहिला.

ज्यांच्या मशीनला निळ्या खोबणी आहेत त्यांनी एवढं पाहावं: निळी म्हणजे बहुधा यूएसबी ३, आणि तिच्यातून धावणारा माहितीचा लोंढा नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या भागात खरखर सोडतो. निळ्या खोबणीत हार्ड डिस्क आणि शेजारी डोंगल, अशी जोडी लावू नका. डोंगल काळ्या खोबणीत लावा, शक्यतो वायरीने लांब.

कूलर खिडकीतून हलवायला दाजींनी साफ नकार दिला. बाहेर बेचाळीस अंश होते, त्यामुळे मीही आग्रह धरला नाही. मग डोंगलच दाराच्या समोर नेला. भिंतीवर कॅलेंडरचा खिळा होता, त्याला रबर बँडने बांधला. तीन बोटं वर, तीन बोटं खाली करून पाहिलं. ७२ टक्के, म्हणजे उणे ६४. आधीच्या उणे ८१ हून सतरा पायऱ्या वर, शक्ती सुमारे पन्नास पट. कॉम्प्युटर तोच, डोंगल तोच. वाढला फक्त वायरीचा खर्च.

भाचीने कॅलेंडरच्या एप्रिलच्या पानावर पेन्सिलने लिहून ठेवलंय: "७२, कूलर चालू." खालची ओळ जूनसाठी मोकळी आहे, कूलर निघाल्यावर भरायला.