नॅनोकणांची शैवाल-विषाक्तता आणि पाण्याचे रसायन

१ ते १०० नॅनोमीटर आकाराचे कण गोड्या पाण्यातल्या शैवालांना किती बाधतात, हे कणांइतकेच पाण्यावर ठरते. मोजे, रंग, सनस्क्रीन अशा वस्तूंतून चांदी, झिंक ऑक्साइड व टायटॅनियम डायऑक्साइडचे कण सांडपाण्यात उतरतात. टायटॅनियमचा कण विरघळत नाही. तो अतिनील प्रकाशात क्रियाशील ऑक्सिजन तयार करून पेशीला इजा करतो. झिंक ऑक्साइडचे विष मात्र मुख्यतः विरघळलेल्या झिंक आयनांचे, म्हणजे विद्युतभारित अणूंचे. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी चंद्रकोरीच्या आकाराच्या एका एकपेशीय शैवालावर नॅनोकण, साधी झिंक ऑक्साइडची पूड आणि झिंक क्लोराइड तपासले. तिन्हींची विषाक्तता जवळपास सारखीच निघाली.

कोकणात जांभ्याच्या पट्ट्यातले विहिरीचे पाणी हलके. अंगाला लावलेला साबण धुता धुता निघत नाही. देशावरच्या बोअरच्या पाण्याला फेसच धरत नाही. जांभ्याच्या पाण्याचा सामू (pH, आम्लतेचे माप) बऱ्याचदा ७ च्या खाली असतो, त्यामुळे झिंक ऑक्साइड अधिक विरघळते. कॅल्शियम-मॅग्नेशियम कमी, म्हणून कणांच्या गुठळ्या होऊन ते तळाशी बसण्याचे प्रमाण कमी, आणि पेशीच्या पृष्ठभागावर झिंकशी जागेसाठी झगडणारेही थोडे. अर्थात आम्लातले हायड्रोजन आयन त्याच जागा अडवतात. त्यामुळे सामू उतरला की विष चढले, असा सरळ हिशेब मांडता येत नाही.

झाडीने वेढलेल्या तळ्यांत, उदाहरणार्थ १५३० मध्ये बांधलेल्या धामापूरच्या तलावात, पालापाचोळा कुजून ह्युमिक द्रव्ये पाण्यात येतात. ती कणावर लेप चढवून त्याला तरंगत ठेवतात, पण सुटे आयन बांधूनही टाकतात; विषाक्तता बहुधा घटते. तरंगतो तोच घातक, हा समज इथे फसतो. भातखाचराच्या काळ्या, कुजकट वासाच्या चिखलात सल्फाइड असते. त्याच्याशी जुळून चांदीचे सल्फाइड बनते आणि ते जवळजवळ विरघळतच नाही.

शैवालाची वाढ किती खुंटते हे पाहणारी प्रयोगशाळेतली प्रमाणित चाचणी ७२ तासांची. तिच्या माध्यमात घातलेले ईडीटीए हे रसायन स्वतःच धातूचे आयन पकडते, म्हणून तिथला आकडा व्हाळाच्या पाण्याला जसाच्या तसा लावणे धाडसाचे.

खाडीच्या तोंडाशी हिशेब पुन्हा बदलतो. वाशिष्ठी नदीत पावसाळ्यात गोड्या पाण्याचा लोंढा असतो, उन्हाळ्यात भरती चिपळूणजवळ गोवळकोटपर्यंत चढते. थोड्या क्लोराइडने चांदी सिल्व्हर क्लोराइड होऊन खाली बसते. क्लोराइड भरपूर झाले की तीच विद्राव्य संयुगांच्या रूपात पुन्हा पाण्यात येते.