पाय जड पडलेत, आजी म्हणतात तेव्हा

आतड्याच्या ऑपरेशननंतरची दुसरी रात्र. लातूरच्या एका वॉर्डात आजी पुटपुटतात, "पाय लईच जड पडलेत रे." नातू चादर सारखी करत म्हणतो, "भुलीचा असर असंल, झोप तू." बहुतेक वेळा नातवाचं बरोबरच असतं. पण नर्सला उठवून सांगावं असं हे वाक्य आहे.

आजींच्या पाठीत जेमतेम 1 मिलिमीटर जाडीची नळी आहे, एपिड्यूरल. ती मज्जारज्जूत शिरत नाही. त्याच्या आवरणाबाहेर चरबी आणि शिरांनी भरलेली अरुंद फट असते, तिथंच थांबते. 1947 मध्ये क्यूबाच्या डॉ. मार्टिनेझ कर्बेलो यांनी कंबरेतून अशी नळी घातली. तिच्यातून सोडलेलं औषध वेदनेचा निरोप मेंदूपर्यंत जाऊ देत नाही.

रक्तदाब उतरणं, खाज सुटणं, लघवी अडणं हे त्रास नेहमीचे, आवरता येणारे. सुई चुकून आवरण भेदून गेली तर मज्जारज्जूभोवतीचं पाणी झिरपतं आणि बसलं की डोकं ठणकतं, आडवं झालं की थांबतं. ते फारच झालं तर रुग्णाचंच थोडं रक्त त्या फटीत सोडून भोक बुजवतात. कंबरदुखीचा दोष मात्र आपल्याकडं वर्षानुवर्षं सुईवर टाकतात. कायमच्या कंबरदुखीशी तिचा संबंध अभ्यासांत दिसत नाही.

खरी भीती फटीत साचणाऱ्या रक्ताची. घटना दुर्मिळ, पण हाडाच्या पोकळीत रक्ताला पसरायला जागा नसते, म्हणून ते मज्जारज्जूच दाबतं आणि पाय जड पडतात. हृदयासाठी रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर धोका वाढतो. क्लोपिडोग्रेल साधारण 5 ते 7 दिवस आधी थांबवावी लागते, तीही डॉक्टरांना विचारूनच. गावाकडं गोळ्या नावाविना, रंगावरून ओळखतात. तेव्हा अख्खी पिशवीच भुलीच्या डॉक्टरांपुढं ओतलेली बरी. नळी काढतानाही रक्तस्राव होऊ शकतो, त्यामुळं हेपरिनच्या, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या औषधाच्या, इंजेक्शनची वेळ पाहूनच ती ओढतात.

पाय जड वाटले की नळीतलं औषध थांबवून बघतात. काही तासांत ताकद परतली नाही, किंवा आणखी घटली, तर तातडीनं एमआरआय. साचलेलं रक्त त्रास सुरू झाल्यापासून 8 ते 12 तासांच्या आत काढलं तर पाय वाचण्याची आशा बरी असते. तालुक्याच्या दवाखान्यातून निघालं तर त्यातले दोन-तीन तास गाडी शोधण्यात आणि रस्त्यातच जातात.